बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेताय? पदवी कोणाची, दवाखाना कोणाचा, नोंदणी कुठे होणार : आधी हे तपासा

अहिल्यानगर : बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नर्सिंग कॉलेजच्या जाहिराती फिरायला लागतात. 'शंभर टक्के नोकरी', 'प्रवेश सुरू, मोजक्या जागा शिल्लक', 'डोनेशन नाही' असं त्यात लिहिलेलं असतं. खाली एक मोबाईल नंबर असतो. फोन केला की समोरचा माणूस आधी गाव विचारतो, मग मार्क विचारतो, आणि लगेच 'सीट बुक' करायला पैसे पाठवायला सांगतो.

अकोले, जामखेड, पाथर्डी, शेवगाव, पारनेर या तालुक्यांतून नर्सिंगला जाणाऱ्या बऱ्याच मुलींच्या घरात याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नसतं. कांद्याचे नाहीतर उसाचे पैसे येतात, ते फीला जातात. चार वर्षं आणि काही लाख रुपये घातल्यावर हातात आलेल्या कागदावर नर्स म्हणून नोंदणीच होत नसेल, तर ते घर लवकर सावरत नाही. जमीन घेताना आपण सातबारा, फेरफार, चतुःसीमा सगळं बघतो. नर्सिंगचा प्रवेश घेतानाही तेवढीच तपासणी करायला हवी. ती कशी करायची, याची ही माहिती.

एका पदवीत चौघांचा वाटा

बीएस्सी नर्सिंगची पदवी एकटं कॉलेज देत नाही. तिच्यात चौघांचा वाटा असतो आणि चारही जागा पक्क्या असाव्या लागतात.

पहिलं कॉलेज. ते सरकारी असेल किंवा खासगी संस्थेचं. वर्ग, शिक्षक, प्रयोगशाळा, वसतिगृह ही त्याची जबाबदारी.

दुसरं विद्यापीठ. महाराष्ट्रात बहुतेक बीएस्सी नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याआधी त्या त्या भागातली कॉलेजं तिथल्या विद्यापीठाला जोडलेली असायची, म्हणून जुन्या सिस्टरच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाचं नाव दिसतं. परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे विद्यापीठाचं काम.

तिसरा दवाखाना. नर्सिंग वहीवर शिकता येत नाही. सुई देणं, सलाईन लावणं, बाळंतपण, ऑपरेशनची तयारी, अत्यवस्थ रुग्णाची देखभाल हे सगळं वॉर्डात उभं राहूनच येतं. दवाखाना कॉलेजचा स्वतःचा असतो किंवा कराराने जोडलेला असतो.

चौथी कौन्सिल. देशपातळीवर अभ्यासक्रम आणि निकष ठरवण्याचं काम १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आलं. राज्यात नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते, तिला १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याचा आधार आहे. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला असून १९४७ चा कायदा बदलून त्या जागी आयोग आणण्याची त्यात तरतूद आहे. त्यामुळे पुढे कागदावरची नावं बदललेली दिसतील. पण नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, ही गोष्ट तशीच राहणार आहे.

या चारांपैकी एक जरी कच्चा निघाला तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं. इमारत भारी पण दवाखान्यात पेशंट नाहीत, किंवा दवाखाना चांगला पण विद्यापीठाची संलग्नता नाही, असं असेल तर प्रवेश घेऊ नये.

कोणता कोर्स म्हणजे काय

एएनएम : दोन वर्षांचा. फक्त मुलींसाठी. कोणत्याही शाखेची बारावी चालते. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या आरोग्यसेविका याच शिक्षणातून येतात.

जीएनएम : तीन वर्षांची पदविका. मुलं-मुली दोघांना खुली. बारावीला कोणतीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात.

एएनएम आणि जीएनएम या दोन्हींच्या परीक्षा विद्यापीठ घेत नाही. महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ त्या घेतं. त्यामुळे 'आमचं जीएनएम विद्यापीठाचं आहे' असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हावं.

बीएस्सी नर्सिंग : चार वर्षांची पदवी, आठ सत्रं. मुलं-मुली दोघांना खुली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवं.

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग : जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी. नोकरी सांभाळून करायची असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, किमान तीन वर्षांचा कोर्स असतो. पदवी इग्नूची, पण प्रात्यक्षिक ठरवून दिलेल्या नर्सिंग कॉलेजात आणि दवाखान्यात. तो फक्त नोंदणी असलेल्या अनुभवी नर्ससाठी आहे. बारावीनंतर थेट घरी बसून नर्सिंगची पदवी मिळते असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

हिशेब असा की जीएनएम करून मग पोस्ट बेसिक केलं तर पाच वर्षं लागतात, बीएस्सीला चार. बारावी सायन्स असेल आणि गुण बसत असतील तर बीएस्सीचा विचार आधी करावा. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना जीएनएमची वाट आहे आणि तीही चांगली आहे.

'नर्सिंग' नावाचे पण नर्स न करणारे कोर्स

तालुक्याच्या गावात एका गाळ्यात चालणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स असतात. नाव 'नर्सिंग असिस्टंट', 'नर्सिंग केअर', 'जनरल ड्युटी असिस्टंट', 'रुग्ण सहायक' असं काहीतरी. यातले काही कौशल्य विकासाचे खरे कोर्स आहेत. दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळवायला त्यांचा उपयोगही होतो. पण त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. सरकारी भरतीत स्टाफ नर्सचा फॉर्म भरता येत नाही.

फसवणूक होते ती इथे. कोर्स मदतनीसाचा असतो, फी नर्सची घेतली जाते आणि घरी सांगितलं जातं की पोरगी सिस्टर होणार. विचारायचा प्रश्न एकच : 'हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? लेखी द्या.' समोरचा गोलमोल बोलायला लागला की उठून यायचं.

आपल्या भागात पदवी कोणाची

एकाच जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांची पदवी वेगवेगळ्या विद्यापीठांची असू शकते, हे अनेकांना माहीत नसतं.

राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे अभिमत विद्यापीठ आहे. तिथल्या नर्सिंग कॉलेजची पदवी त्याच विद्यापीठाची. नगरजवळ विळद घाटातलं डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं नर्सिंग कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न आहे. दोन्ही पदव्या कायद्याने चालतात. फरक पडतो तो प्रवेशाची पद्धत, फी आणि सरकारी सवलत यांत.

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे एएफएमसीचं, नर्सिंग कॉलेज हे वाटणीचं आणखी एक उदाहरण. शिक्षण आणि दवाखाना लष्कराचा, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. तिथे फक्त मुलींना प्रवेश आहे, नीटचे गुण लागतात आणि पुढे लष्करी नर्सिंग सेवेत जायची लेखी हमी द्यावी लागते. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज आहे, ते विद्यापीठ स्वतःच चालवतं.

मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या आवारात आणि नागपूरला सरकारी नर्सिंग कॉलेज आहे. सरकारी कॉलेजात फी कमी आणि पेशंट भरपूर, त्यामुळे जागांसाठी चुरस मोठी. अर्ज भरताना लांबचं म्हणून सरकारी कॉलेजचा पर्याय गाळू नये. चार वर्षांच्या फीतला फरक धरला तर लांबचं कॉलेजही स्वस्त पडू शकतं.

नगरसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला राज्य मंत्रिमंडळाने ६ मे २०२५ रोजी चौंडीच्या बैठकीत मंजुरी दिली. केंद्रानेही २६ एप्रिल २०२३ रोजी, २०१४ नंतर सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजांशेजारी १५७ सरकारी नर्सिंग कॉलेजं उभारायला १,५७० कोटी रुपये मंजूर केले. अशा बातम्या दाखवून 'नवीन सरकारी कॉलेजात सीट करून देतो' म्हणणारे निघतात. मेडिकल कॉलेजची मंजुरी म्हणजे नर्सिंगच्या जागा नव्हेत. नर्सिंगला मान्यता वेगळी लागते, आणि सरकारी जागा प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच भरते.

कागद कसे तपासायचे

एक, आरोग्य विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी असते. त्यात कॉलेजचं नाव, कोर्स आणि प्रवेश क्षमता बघावी. नाव अगदी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकाच संस्थेची जीएनएमची मान्यता असते आणि बीएस्सीची नसते, असंही होतं.

दोन, संलग्नता एकदा मिळाली की कायमची, असं नसतं. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती कॉलेजला भेट देते, शिक्षक आणि सोयी बघते, त्यावर पुढची संलग्नता ठरते. त्यामुळे भिंतीवर लावलेलं जुनं पत्र बघून समाधान मानू नये. यंदाच्या वर्षाचं पत्र मागावं आणि मोबाईलमध्ये फोटो काढून घ्यावा.

तीन, राज्य सरकारची परवानगी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघावी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर राज्यवार संस्थांची यादी असते, तीही पडताळावी. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नोकरीला जायचं असेल तर हे फार महत्त्वाचं.

चार, क्षमता ६० ची असेल आणि वर्गात ८० पोरं बसवली असतील, तर वरची २० कुठली? त्यांची नावं विद्यापीठाकडे गेली का? प्रवेशानंतर काही महिन्यांत विद्यापीठाची पात्रता आणि नोंदणी क्रमांक मिळायला हवा. तो मिळाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. घरच्यांनी पहिल्या सत्रातच हा नंबर मागून घ्यावा.

दवाखाना स्वतः फिरून बघा

कॉलेज बघायला गेल्यावर लोक इमारत आणि कॅन्टीन बघून येतात. बघायला हवा तो दवाखाना.

बीएस्सी नर्सिंगसाठी किमान १०० खाटांचा पालक दवाखाना असावा असा निकष आहे. खाटा नुसत्या मांडलेल्या चालत नाहीत, त्यांवर पेशंट असावे लागतात. निकषाप्रमाणे सरासरी ७५ टक्के खाटा भरलेल्या हव्यात. वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हे प्रमाण धरलेलं आहे. म्हणजे एका वेळी २० विद्यार्थी ड्युटीवर असतील तर ६० पेशंट पाहिजेत.

तपासणीची वेळ म्हणजे सकाळचे दहा-अकरा, वार साधा, सणाचा नाही. ओपीडीत गर्दी आहे का? बाळंतपणाचा वॉर्ड चालू आहे का? लहान मुलांचा, ऑपरेशनचा, अतिदक्षता विभाग आहे का? नर्सिंगच्या गणवेशातली पोरं पेशंटजवळ दिसतात की नुसती बाकावर बसलेली?

मानसिक आजार, संसर्गजन्य आजार अशा विभागांसाठी बाहेरचा दवाखाना जोडलेला असतो. तो साधारण १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावा. करार कुठल्या दवाखान्याशी आहे आणि पोरांना तिथे खरंच नेतात का, हे विचारावं. नेणारी गाडी कोणाची, रात्रपाळीला परत आणायची सोय काय, हेही मुलीच्या आईवडिलांनी विचारलंच पाहिजे.

गावातलं कामही अभ्यासक्रमात आहे. सामुदायिक आरोग्यासाठी पोरांना उपकेंद्रात आणि घरोघरी पाठवावं लागतं. या कामाचं मोल नगर जिल्ह्याला सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प गावातल्याच बायांना शिकवून उभा राहिला, आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शिकवतं कोण, गुण कोण देतं

निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २४० विद्यार्थी असतील तर साधारण २४ शिक्षक. यादीत नावं असतात, पण माणसं तपासणीच्या दिवशीच येतात, असा प्रकार कुठे असेल तर तो पोरांनाच ठाऊक असतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांशी गेटबाहेर बोलावं. प्रश्न साधे ठेवावेत : 'मॅडम रोज येतात का? वॉर्डात कोण शिकवतं? निकाल वेळेवर लागतो का? ठरल्यापेक्षा जास्त पैसे कधी मागितले का?'

गुणांचीही वाटणी असते. २०२१ पासूनच्या सत्र पद्धतीत मुख्य विषयांना २५ गुण कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ७५ विद्यापीठाच्या परीक्षेचे आहेत. पास व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात. हजेरी किमान ८० टक्के आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण १०० टक्के. 'कॉलेजला नाही आलं तरी चालेल, हजेरी आम्ही लावू' असं सांगणारं कॉलेज सोयीचं वाटतं. पण सुई न लावता पास झालेल्या नर्सच्या हाताखाली उद्या आपलाच म्हातारा बाप असू शकतो.

शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास. ती कुठल्या दवाखान्यात होते, हे प्रवेशाआधीच विचारून ठेवावं.

पैशाचा हिशेब

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी मनाने ठरत नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवतं आणि आपल्या संकेतस्थळावर टाकतं. तिथली रक्कम आणि कॉलेजने सांगितलेली रक्कम जुळवून बघावी. फीव्यतिरिक्त देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती कॉलेजच्या नावाची हवी. एजंटच्या फोन पे नंबरवर गेलेला पैसा पुढे सिद्ध करता येत नाही.

सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. इथे एक अट लोकांच्या ध्यानात येत नाही : प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. एजंटच्या नादाने फेरी सोडली तर ही माफीही हातची जाते. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्न दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी हे दाखले बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवावेत.

सवलत बसत नसेल तर बँकेकडे शैक्षणिक कर्ज मागता येतं. साधारण चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. कर्जासाठी बँक कोर्सची मान्यता बघते, त्यामुळे ही एक फुकटची तपासणीही होते. बँकेने कॉलेजचं नाव बघून नकार दिला तर कारण विचारावं.

प्रवेश आणि त्यानंतर

बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष सीईटी घेतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांवर प्रश्न असतात. तारखा, फॉर्म आणि फेऱ्यांची माहिती कक्षाच्या संकेतस्थळावरच बघावी. सेतू केंद्रात किंवा सायबरमध्ये फॉर्म भरला तर लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. मोबाईल नंबर घरचाच द्यावा, एजंटचा नको. ओटीपी ज्याच्या हातात, प्रवेश त्याच्या हातात.

मूळ मार्कशीट आणि दाखला देताना पोचपावती घ्यावी आणि आधी सगळ्याच्या झेरॉक्स काढाव्यात.

पदवी झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करायची. त्यानंतर वाटा बऱ्याच आहेत. जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेजांची भरती, एम्सची देशभराची परीक्षा, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. एम्सच्या परीक्षेत बीएस्सीवाल्याला अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्याला ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. 'शंभर टक्के नोकरी' मात्र कोणतंच कॉलेज देऊ शकत नाही. नोकरी परीक्षेवर आणि हातातल्या कामावर मिळते.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. संलग्नतेची तक्रार विद्यापीठाकडे, जादा फीची शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आणि पैसे घेऊन पसार झालेल्याची जवळच्या पोलीस ठाण्यात. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.

पैसे भरण्याआधी एवढं हातात असू द्या

१. यंदाच्या संलग्नता पत्राचा फोटो.
२. विद्यापीठ आणि कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव, कोर्स आणि क्षमता.
३. दवाखान्याला स्वतः दिलेली एक भेट, शक्यतो न सांगता.
४. शेवटच्या वर्षाच्या दोन-चार विद्यार्थ्यांशी बोलणं.
५. प्राधिकरणाने ठरवलेली फी आणि चारही वर्षांचा खर्च, वसतिगृह व मेस धरून.
६. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून आहे की संस्थास्तरावरचा, याचं स्पष्ट उत्तर.
७. प्रत्येक रकमेची कॉलेजच्या नावाची पावती.

यातलं एखादं मिळत नसेल तर दोन दिवस थांबावं. 'आजच भरा, उद्या जागा नाही' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आपल्या गावातली कोणी आधीच नर्स झालेली असेल, तर कॉलेज बघायला जाताना तिला सोबत न्यावं. वॉर्डात पाऊल टाकल्यावर तिला जे कळेल ते माहितीपत्रकात कुठेच छापलेलं नसतं.